जुनी बोट, नवं इंजिन : एक खरंखुरं गणित

आपल्या होस्टेलच्या पार्किंगमधल्या दहा बाईकपैकी आठ तरी सेकंड हँड असतील. त्या घेताना आपण काय करतो? गाड्यांतलं कळणारा एखादा सिनिअर सोबत नेतो, किक मारतो, धुराचा रंग बघतो, 'इंजिन खोललंय का?' असं विचारतो आणि हजार-पाचशे कमी करून गाडी घेऊन येतो. पुढे बंद पडलीच तर रस्त्याच्या कडेला लावून मित्राला फोन करतो.

बोटीला रस्त्याची कडा नसते. किनाऱ्यापासून वीस मैलांवर इंजिन बंद पडलं की लाट नेईल तिकडे जावं लागतं. म्हणून सेकंड हँड बोट घेणं आणि तिच्यात नवं इंजिन बसवणं हे काम नुसत्या अंदाजाने होत नाही. गेल्या वर्षी हे गणित करायची संधी मला मिळाली. एसओएम, मशीन डिझाईन, फ्लुइड मेकॅनिक्स आणि आयसी इंजिन हे चारही विषय एकाच कामात भेटले. ते सगळं आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवतो. मेकॅनिकलवाल्यांना उजळणी होईल आणि इतर ब्रँचवाल्यांना निदान जुनी वस्तू कशी पारखायची ते तरी कळेल.

माझा मामा मूळचा देवगडचा. मालवाहू जहाजांवर इंजिनिअर म्हणून वीस वर्षं काढून तो अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात स्थायिक झाला. तिथे त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून गळाने मासे पकडायला जाण्यासाठी जुनी बोट घ्यायचं ठरवलं. मामाच्या हिश्श्यात त्याची बरीचशी शिल्लक जाणार होती. शिवाय त्याच बोटीतून मामी आणि माझी दोन मामेभावंडंही समुद्रात जाणार होती. मामा फोनवर म्हणाला, "मी आयुष्यभर मिनिटाला शंभर फेरे घेणारी इंजिनं सांभाळली. ही छोटी, पळणारी इंजिनं वेगळी असतात रे. तू शेवटच्या वर्षाला आहेस ना? मग गणित करून पाठव. वर्कशॉपवाल्याचं गणित आणि तुझं गणित शेजारी ठेवून बघतो."

१) मुळात ही बोट कसली?

आपल्या मिरकरवाड्याला किंवा ससून डॉकला दिसणारा ट्रॉलर पाणी बाजूला सारत, पाण्यात बसून चालतो. अशा बोटीच्या वेगाला एक नैसर्गिक मर्यादा असते. पाणरेषेवरच्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला १.३४ ने गुणायचं, म्हणजे नॉटमध्ये वेग मिळतो. लांबी २७ फूट असेल तर जवळजवळ ७ नॉट. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर चढू पाहते. मग कितीही मोठं इंजिन लावलं तरी डिझेल जळतं आणि वेग मात्र वाढत नाही. आपल्या तांडेलांना हे सूत्र कोणी शिकवलेलं नसतं, पण अनुभवाने ते नेमकं हेच सांगतात.

स्पोर्टफिशिंग बोट याच्या उलट. मार्लिन, सेलफिश, टूना म्हणजे आपला कुपा, हे मासे खोल पाण्यात मिळतात. सकाळी लांब जायचं आणि संध्याकाळी परतायचं, म्हणजे वेग हवाच. म्हणून ही बोट पाण्यातून वर उचलली जाते आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाते. याला प्लॅनिंग म्हणतात. इथे हॉर्सपॉवर कामाला येते, पण वजनही तितकंच महत्त्वाचं ठरतं.

२) कुठली बोट?

मामाच्या मनात एकच नाव होतं, बर्ट्रम ३१. या बोटीचा इतिहास वाचण्यासारखा आहे. रे हंट या डिझायनरने तळाला खोल 'व्ही' आकार असलेला हल काढला. डिक बर्ट्रमने त्यावरून ३१ फुटी लाकडी बोट बनवून घेतली आणि तिला आपल्या बायकोच्या टोपणनावावरून 'मॉपी' हे नाव दिलं. १९६० च्या मायामी ते नासाऊ या शर्यतीत समुद्र खवळलेला असताना मॉपी पहिली आली. मग तिच्यावरूनच साचा काढून फायबरग्लासची बर्ट्रम ३१ तयार झाली आणि १९६१ मध्ये बाजारात आली. १९८० च्या दशकापर्यंत अशा सुमारे दोन हजार बोटी बनल्या. लांबी ३० फूट ७ इंच, रुंदी ११ फूट २ इंच.

खोल 'व्ही'चं महत्त्व काय? बोटीच्या मागच्या टोकाला तळाची प्रत्येक बाजू आडव्या रेषेशी जो कोन करते त्याला डेडराईज म्हणतात. सपाट तळाला तो शून्याजवळ असतो, बर्ट्रम ३१ मध्ये सुमारे २३ अंश. हाताचा पंजा सपाट धरून बादलीतल्या पाण्यावर आपटा, आणि मग पंजा तिरका करून घाला. दोन्हींत हाताला जो फरक जाणवतो, तोच लाटेवर आपटणाऱ्या बोटीतल्या माणसाच्या कमरेला जाणवतो. अर्थात फुकट काहीच नाही. खोल 'व्ही'ला वर उचलायला जास्त ताकद लागते, आणि उभी असताना अशी बोट जास्त डोलते.

३) आधी शरीर, मग इंजिन

इंजिन बदलता येतं, हल बदलता येत नाही. म्हणून पाहणीचा क्रम ठरलेला : आधी हल, मग टाक्या, मग शाफ्ट आणि सुकाण, शेवटी इंजिन. आपण मात्र बाईक घेताना नेमकं उलट करतो!

मामाने दोन बोटी बघितल्या. पहिली स्वस्त होती आणि रंग चकाचक होता. तिचा तळ घन फायबरग्लासचा असल्यामुळे शाबूत निघाला. पण डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये लाकडाचा गाभा असतो. आधीच्या कुणा मालकाने खुर्च्या, रॉड अडकवायचे होल्डर असलं काय काय बसवण्यासाठी डेकला भोकं पाडली होती, आणि स्क्रूभोवती सीलंट लावलं नव्हतं. पाणी आत झिरपून गाभा कुजला होता. हे कळलं कसं? सर्व्हेअरने प्लॅस्टिकच्या हातोडीने डेकवर वीतभर अंतराने ठोकून पाहिलं. चांगल्या जागी टण्‌ असा आवाज येतो, कुजलेल्या जागी थप्प. बाजारात नारळ वाजवून घेतात तसंच हे. मग ओलावा मोजणाऱ्या मीटरने खात्री केली. मागच्या डेकचा जवळजवळ निम्मा भाग ओला निघाला. मामाने ती बोट सोडली.

दुसरी बोट महाग होती आणि दिसायला जुनाट. पण ठोकून पाहिली तर सगळीकडे टण्‌. इंजिनांखालचे लांब आधार, ज्यांना स्ट्रिंजर म्हणतात, तेही घट्ट होते. नवीन इंजिनाचं वजन आणि थ्रस्ट यांच्यावरच येणार, म्हणून ते बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही. तिची दोन्ही पेट्रोल इंजिनं थकलेली होती. मामाला त्याचं दुःख नव्हतं, कारण तो ती काढणारच होता. उलट त्याच मुद्द्यावर त्याने भाव पाडून घेतला.

टाक्यांचाही एक मुद्दा आहे. जुन्या बऱ्याच बोटींत पेट्रोलच्या टाक्या फायबरग्लासच्या असत. अमेरिकेत पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळणं सर्वत्र रूढ झालं, तेव्हा २००६ च्या सुमारास अशा टाक्यांचं रेझिन विरघळून इंजिनाच्या व्हॉल्व्हवर काळा चिकटा जमल्याच्या तक्रारी तिकडे आल्या. त्या काळच्या रेझिनने इथेनॉल कधी पाहिलंच नव्हतं. आपल्याकडेही आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे, तेव्हा जुन्या गाड्यांचे रबरी पाईप आणि सील यांच्याकडे होस्टेलवाल्यांनी जरूर लक्ष द्यावं.

४) पेट्रोल की डिझेल?

पेट्रोल इंजिन स्वस्त, हलकं आणि शांत. मग डिझेल कशाला? दोन कारणं.

पहिलं कारण सुरक्षितता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गळती झाली तर ती बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये साचून राहते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून पेट्रोलच्या बोटीत इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा नियम पाळतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर अमेरिकेत मिळणाऱ्या नेहमीच्या डिझेलचा किमान ५२. पोरंबाळं बसणार असतील तर हा फरक पैशात मोजता येत नाही.

दुसरं कारण इंधनाचा खर्च. क्रूझिंगला दोन्ही इंजिनं मिळून ३०० हॉर्सपॉवर, म्हणजे २२४ किलोवॅट देतात असं धरू. डिझेलला दर किलोवॅट-तासाला साधारण २२५ ग्रॅम इंधन लागतं, पेट्रोलला ३०० ग्रॅम. घनता अनुक्रमे ०.८५ आणि ०.७४ घेतली तर डिझेल ताशी ५९ लीटर आणि पेट्रोल ताशी ९१ लीटर येतं.

आता खरा प्रवास बघू. मायामीहून बहामाजमधलं बिमिनी बेट सुमारे ५० नॉटिकल मैलांवर आहे. मध्ये गल्फ स्ट्रीम हा उत्तरेकडे वाहणारा मोठा प्रवाह लागतो. उत्तरेचा वारा प्रवाहाच्या विरुद्ध सुटला की तिथे उभ्या चढणीच्या लाटा उठतात. २२ नॉटने जाऊन येऊन साडेचार तासांच्या वर लागतात. म्हणजे डिझेल सुमारे २७० लीटर, पेट्रोल सुमारे ४१५ लीटर. त्यात बोटवाल्यांचा जुना नियम आहे : एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव. म्हणजे निघताना डिझेल ४०० लीटर पुरे, पेट्रोल मात्र ६२० लीटर लागेल. डिझेलवर शिक्कामोर्तब झालं.

५) किती हॉर्सपॉवर?

इथे मित्रमंडळींचा सल्ला एकच : "घे की मोठं!" त्याला उत्तर म्हणून क्राउचचं सूत्र आहे.

वेग = क ÷ √(वजन ÷ हॉर्सपॉवर)

वेग नॉटमध्ये, वजन पौंडात, हॉर्सपॉवर शाफ्टवरची. साध्या क्रूझर प्रकारच्या बोटीसाठी 'क' म्हणजे १५० धरतात. माणसं, इंधन, बर्फ आणि सामान धरून बोटीचं वजन १३,००० पौंड घेतलं.

दोन इंजिनं ३०० हॉर्सपॉवरची घेतली आणि गिअरमधला ५ टक्के तोटा वजा केला, तर शाफ्टवर ५७० उरतात. वेग येतो ३१ नॉट. तेच शाफ्टवर ४४० ठेवले, तर २७.६ नॉट. म्हणजे ताकद २३ टक्के कमी झाली, पण वेग फक्त १२ टक्के उतरला. वेग ताकदीच्या वर्गमुळाने वाढतो, बिल मात्र सरळ वाढतं, हे या सूत्राचं सार.

मामाने शेवटी ३०० ची जोडी ठरवली, पण कारण वेगळं होतं. प्रोपेलरला लागणारी ताकद साधारण आरपीएमच्या घनाने बदलते. म्हणजे ८० टक्के आरपीएमला ०.८ चा घन, सुमारे ५१ टक्के ताकद. ६०० पैकी ३०० च्या आसपास. त्या ताकदीला क्राउच २२ नॉट देतो. २२ नॉटला जाताना इंजिन निम्म्या ताकदीवर आरामात चालतं आणि जास्त वर्षं टिकतं. छोटं इंजिन घेतलं असतं, तर तेवढ्याच वेगासाठी त्याला सतत पिळावं लागलं असतं.

एक गंमत सांगतो. या आकाराच्या बोटींत ज्या इंजिनांची अदलाबदल पुष्कळ झाली, त्यात ५.९ लीटरचं सहा सिलिंडर कमिन्स मोठ्या प्रमाणावर आहे. त्याच घराण्यातलं इंजिन जमशेदपूरला बनून आपल्या टाटाच्या ट्रकमध्ये बसलं! ट्रकमध्ये शे-दीडशे हॉर्सपॉवर देणारं इंजिन बोटीत ३७० पर्यंत नेतात. हे जमतं कारण बोटीला थंड करायला आख्खा समुद्र असतो. टर्बोने दाबलेली गरम हवा आफ्टरकूलरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड केली की ती दाट होते आणि जास्त इंधन जाळता येतं. पण हे रेटिंग वर्षातले थोडेच तास चालणाऱ्या हौशी बोटींसाठी असतं. रोज बारा तास चालणाऱ्या मासेमारी बोटीला ते लावलं तर इंजिन लवकर संपेल. म्हणून माहितीपत्रकात हॉर्सपॉवरच्या आधी रेटिंग वाचावं.

६) शाफ्ट : जिथे गणित खरंच कामाला आलं

वर्कशॉपने दिलेल्या कोटेशनमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, माउंटिंग, पाईप सगळं होतं. शाफ्ट मात्र जुनेच ठेवणार होते, सव्वा इंच व्यासाचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं : जुनं पेट्रोल इंजिन ३३० हॉर्सपॉवरचं, नवं डिझेल ३०० चं. ताकद कमीच होते आहे, मग शाफ्ट का बदलायचा?

आपण एसओएममध्ये काय शिकलो? शाफ्ट हॉर्सपॉवरने पिळला जात नाही, टॉर्कने पिळला जातो. टॉर्क = ९५५० × किलोवॅट ÷ आरपीएम.

जुनं इंजिन : २४६ किलोवॅट, ४४०० आरपीएम. टॉर्क ५३४ न्यूटन-मीटर. १.५:१ च्या गिअरनंतर शाफ्टवर ८०१.

नवं इंजिन : २२४ किलोवॅट, २८०० आरपीएम. टॉर्क ७६४. तोच १.५:१ गिअर. शाफ्टवर ११४६.

म्हणजे हॉर्सपॉवर ९ टक्के कमी होऊनही शाफ्टवरचा टॉर्क ४३ टक्के वाढला. भरीव शाफ्टमधला ताण व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, तेव्हा ताण तोच ठेवायला व्यास १.४३ च्या घनमुळाइतका, म्हणजे १.१३ पट हवा. सव्वा इंच गुणिले १.१३ म्हणजे १.४१ इंच. बाजारात १⅜ इंची मिळतो, पण तो १.३७५ म्हणजे कमी पडतो. पुढचा माप दीड इंच.

हे एका पानावर लिहून मामाला पाठवलं. त्याने तो कागद वर्कशॉपपुढे ठेवला. थोडी कुरबुर झाली, पण आकडे बघून त्यांनी मान्य केलं. शाफ्ट, बेअरिंग, कपलिंग सगळं दीड इंचाचं झालं. खर्च वाढला. पण लाटेत शाफ्ट तुटला की प्रोपेलर जातो, सुकाणाला मार बसू शकतो आणि शाफ्ट बाहेर निघाला तर त्या भोकातून पाणी आत येतं. मामा एवढंच म्हणाला, "हे पैसे मी आनंदाने देतो."

७) प्रोपेलर

२८०० ला १.५ ने भागलं की शाफ्टचे १८६७ आरपीएम. ३१ नॉट म्हणजे मिनिटाला सुमारे ३१४० फूट. प्रत्येक फेऱ्यात बोट २०.२ इंच पुढे जाते. पण प्रोपेलर पाण्यात थोडा घसरतोच. घसरण १८ टक्के धरली तर पिच येतो सुमारे २५ इंच. व्यास किती घ्यायचा हे ताकद आणि पात्यांपासून हलपर्यंत उरणारी मोकळी जागा, या दोघांवर ठरतं. ती जागा कमी पडली तर बोट थरथरते.

प्रोपेलरची परीक्षा कागदावर होत नाही, समुद्रात होते. नियम असा : टाकी भरलेली, माणसं बसलेली, पूर्ण थ्रॉटल, आणि इंजिनाने ठरलेले आरपीएम गाठलेच पाहिजेत. न गाठले तर प्रोपेलर जड आहे. जड प्रोपेलर म्हणजे चौथ्या गिअरमध्ये घाट चढणं. काळा धूर, एक्झॉस्टचं वाढलेलं तापमान आणि काही दिवसांनी जळालेले व्हॉल्व्ह. मामाच्या पहिल्या ट्रायलमध्ये २७१० मिळाले. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे प्रोपेलर काढून एक इंच पिच कमी करून आणला. दुसऱ्या ट्रायलमध्ये २८१० आणि वेग ३० नॉट. सूत्राने ३१ सांगितलं होतं. इतक्या साध्या सूत्रासाठी हे पुष्कळ झालं.

८) लहान वाटणाऱ्या गोष्टी

एक्झॉस्ट : बोटीत धुरात पाणी मिसळून तो थंड करतात. पाणी मिसळण्याची जागा पाणरेषेच्या पुरेशी वर नसेल, तर लाटेचं पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं.

हवा : डिझेलला भरपूर हवा लागते. इंजिनरूमच्या जाळ्या लहान असतील तर चांगलं इंजिनही धूर ओकतं.

अलाइनमेंट : इंजिन आणि शाफ्टची अंतिम जुळवणी बोट पाण्यात सोडल्यावर, एक-दोन दिवसांनी करायची. जमिनीवर ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या बोटीचा आकार पाण्यात किंचित बदलतो.

झिंक : खारं पाणी, स्टीलचा शाफ्ट आणि ब्राँझचा प्रोपेलर मिळून चांगली बॅटरी तयार होते. केमिस्ट्रीतला गॅल्व्हॅनिक सेल तो हाच. झिंकचे तुकडे लावले की आधी ते झिजतात, शाफ्ट वाचतो. ते वेळेवर बदलावे लागतात.

९) शेवटी हिशोब

अशा बोटीत घातलेले इंजिनाचे पैसे विकताना पूर्ण परत येत नाहीत, हे मामाला आधीपासून ठाऊक होतं. म्हणून त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारला होता : ही बोट मी दहा वर्षं ठेवणार आहे का? उत्तर 'हो' असेल तरच इंजिन बदलावं. दोन-तीन वर्षांत विकायची असेल, तर दुसऱ्या कुणी आधीच इंजिन बदललेली बोट घेणं स्वस्त पडतं.

जुनी वस्तू घेणाऱ्या प्रत्येकासाठी, मग ती बोट असो की बाईक, थोडक्यात यादी देतो :

१. रंगावर जाऊ नका, ठोकून बघा.
२. जे बदलता येत नाही ते आधी तपासा.
३. इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर त्याचं कारण विचारा.
४. काळा धूर म्हणजे ओझं जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा राहतच असेल तर न जळलेलं इंधन किंवा पाणी.
५. ऑइलचा नमुना लॅबला पाठवता आला तर पाठवा. त्यात लोखंड जास्त निघालं तर झीज. बोटीच्या ऑइलमध्ये सोडियम निघालं तर समुद्राचं पाणी आत शिरल्याचा संशय घ्या.
६. एक भाग बदलला की त्याच्या पुढचा भाग नवा भार घेईल का, ते गणिताने बघा.

यातला सहावा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवतो. इंजिन बदललं की गिअर, शाफ्ट, प्रोपेलर, एक्झॉस्ट, हवा या सगळ्यांना नव्याने विचारावं लागतं. परीक्षेत टॉर्कचं गणित पाच मार्कांचं असतं आणि आपण ते ऑप्शनला टाकतो. मामाच्या बोटीत त्याच पाच मार्कांच्या गणितावर सहा माणसं बसून बिमिनीला जाऊन आली. पुढच्या वेळी खुर्मीचं पुस्तक उघडाल तेव्हा शाफ्टचा धडा वगळू नका, एवढीच विनंती!